गाडी थंडच आणायची

आमच्या भाऊजींना कारखान्यात सगळे थंडोबा म्हणायचे. हे नाव कोणी पाडलं ठाऊक नाही, पण पाडणाऱ्याने त्यांना चिडलेलं बघितलं नसणार एवढं नक्की. चहा गार झाला तरी चिडायचे आणि गरम असला तर जीभ भाजली म्हणून चिडायचे. थंड होतं ते त्यांचं काम. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या मोटारी कडाक्याच्या थंडीत सुरू होतात की नाही, आणि होतात तर किती कुरकुर करून, हे ते तपासायचे. असल्या गाड्यांचे शौकीन लोक गाडी घेण्याआधी ती आमच्या कारखान्यात पाठवायचे आणि थंडोबाने मान डोलावल्याशिवाय पुढचं बोलणं करायचे नाहीत. मी त्याच कारखान्यात त्या गाड्यांच्या गाद्या शिवते. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ताईला दमा होता आणि तिच्या मुलीलाही आहे. भाऊजींचं काम कारखान्यात राहिलं असतं आणि ताईचा दमा घरात राहिला असता, तर ताई आज असती.

तपासणीची जागा म्हणजे कारखान्यामागची पत्र्याची शेड. तीन बाजूंनी पत्रा, चौथी उघडी, आणि वारा नेमका तिकडूनच यायचा. गाडी संध्याकाळी तिथे लावायची आणि सकाळपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. उजाडता उजाडता भाऊजी यायचे. कानटोपी, मफलर, एकावर एक दोन स्वेटर असा सगळा जामानिमा, पण गाडीजवळ आले की हातमोजे काढायचे. बॉनेट उघडून उघडा तळवा इंजिनावर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. लोखंड इतकं गार असायचं की कातडी चिकटायची. इंजिन आतपर्यंत गार आहे अशी खात्री पटली की चोक ओढायचा, ठिणगी उशिरा पडावी म्हणून स्टिअरिंगवरची दांडी मागे घ्यायची आणि पुढे येऊन हँडल मारायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि विळख्यातला अंगठा मोडतो. पहिल्या हँडलला गाडी काय म्हणते, दुसऱ्याला काय, कुठल्या सिलिंडरला अजून जाग आलेली नाही, हे ते कान देऊन ऐकत राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती.

विकणारे लोक काही धुतल्या तांदळासारखे नसतात. कोणी रेडिएटरमध्ये उकळतं पाणी ओतून आणायचा, कोणी प्लग शेगडीवर भाजून लावायचा, कोणी वाटेत गाडीखाली निखाऱ्यांचं घमेलं धरायचा. गरम इंजिन एका हँडलला सुरू होतं, मग त्याचे सगळे रोग झाकले जातात. एकदा एक दलाल बॉनेटवर जाड घोंगडं टाकून गाडी घेऊन आला. सकाळी येऊन भाऊजी बघतात तर रात्रभर घोंगडं तसंच.

"रंगाला दव लागू नये म्हणून हो," दलाल मधासारखं गोड बोलला.

भाऊजींनी घोंगड्यासकट बॉनेट उचललं, हात इंजिनावर ठेवला आणि कोमट लागलं तसा काढून घेतला. "हिला ताप आलाय," ते म्हणाले. "उतरला की सांगा." आणि चहा प्यायला निघून गेले. दलाल मालकाकडे जाऊन आरडाओरडा करून आला, पण मालकही भाऊजींना वचकून होता. गाडी आणखी एक रात्र उघडी उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी हँडल मारून मारून भाऊजींचा खांदा दुखून आला तरी ती सुरू झाली नाही. "गाडी थंडच आणायची," ते दलालाला म्हणाले. "गरम करून आणलीत तर मला तुमची लबाडी दिसते, गाडी दिसत नाही." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की गादीच्या खोलीत आम्ही बायका त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचे, मेहुणीचा हक्कच तो.

हीच तऱ्हा त्यांनी घरातही लावली होती. त्यांच्या मुलीला आम्ही बारकी म्हणतो, जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. तिने मुलगा पसंत केला आणि त्याच्या घरच्यांनी रविवारी दुपारी या असं बोलावलं. भाऊजी शनिवारी सकाळी न कळवता जाऊन थडकले. पाहुणे येणार म्हणून आवरलेल्या घरात काय दिसणार, असं त्यांचं म्हणणं. जावयाने बनियनवर, तोंडात ब्रश धरून दार उघडलं, यांना ओळखलं, ब्रश काढायच्या आधी वाकून आत बोलावलं आणि चहा स्वतः टाकला. भाऊजी घरी येऊन म्हणाले, "चांगला आहे." ताई लाजेने अर्धमेली झाली होती. पण जावई खरोखरच सोन्यासारखा निघाला, आणि भाऊजींचा आपल्या रीतीवरचा विश्वास आणखी घट्ट झाला. तो तेव्हाच थोडा ढिला पडायला हवा होता असं मला आता वाटतं.

बारकीला आईकडून लांब केस मिळाले आणि दमा मिळाला. दोघींच्या पर्समध्ये एकेक पंप कायम असायचा. छाती आवळून आली की तोंडात धरून दाबायचा, औषधाचा फवारा आत ओढायचा, थोड्या वेळाने श्वास सुटायचा. बारकीचं त्यावर भागायचं. ताईचं गेली दोन-तीन वर्षं भागेनासं झालं होतं. हिवाळा आला की जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायची. भाऊजी तिच्या आधी उठून शेगडी पेटवायचे, पाणी तापवायचे, तिला बादली उचलू द्यायचे नाहीत. वर खोलीत बसून ते जिन्यातला तिचा श्वास ऐकायचे आणि आज किती वाईट आहे ते ती दारात यायच्या आधीच सांगायचे. लोक म्हणतात थंडोबाला बायकोची पर्वा नव्हती. त्यांच्या तोंडाला लागायची माझी इच्छा नाही, पण ते खोटं आहे.

मोठ्या इस्पितळात छातीचा डॉक्टर होता. त्याच्याकडे जायचं म्हणजे थंडीत बराच रस्ता चालायचा, म्हणून ताई निघताना पंप घ्यायची, पोचल्यावर धाप लागली तर पुन्हा घ्यायची, आणि केस नीट करून आत जायची. डॉक्टर पाठीला नळी लावायचा आणि म्हणायचा, "छाती स्वच्छ आहे." तोच पंप पुन्हा लिहून द्यायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ताईने धीर करून सांगितलं की घरी मला झोपून श्वास घेता येत नाही, बसून रात्र काढते. डॉक्टर हसला. वाईट माणूस नव्हता, बाहेर रांग लागलेली होती. "तुम्ही घाबरून जाता," तो म्हणाला. "मला ऐकू येईल एवढा दम लागेल ना, तेव्हा या."

त्या दिवशी घरी आल्यावर भाऊजी ताईला म्हणाले, "त्याचं काही चुकत नाही. आपण तुला गरम करून नेतो."

हे सगळं मला नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून. तेव्हा दोघांनीही मला काही सांगितलं नाही. मी आकांडतांडव केलं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ताईने सांगितलं नाही याचं मला जास्त लागतं. तिला पटलं होतं. नवऱ्याच्या हातावर तिचा इतका भरवसा होता, आणि तुला काही झालेलं नाही हे ऐकून ऐकून ती इतकी विटली होती, की तिलाही वाटलं, एकदाचं दिसू दे त्याला. पुढच्या तारखेला ती थंड जाणार असं दोघांनी मिळून ठरवलं.

त्या सकाळी मी कारखान्यात एका गाडीची मागची गादी उसवत होते. मुकादम येऊन म्हणाला, "थंडोबा आला नाही. शेडमध्ये गाडी तशीच उभी आहे." भाऊजी असं कधी करत नसत. मी म्हटलं ताईची तारीख आहे, येतील. दुपारी इस्पितळातून निरोप आला. मी सुईदोरा तसाच गादीत टोचून गेले.

भाऊजी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसले होते. मला बघून उभे राहिले आणि सांगायला लागले. त्यांनी कारखान्यात मालकाला गाडीचं सांगावं तसं, सुरुवातीपासून, एकेक करून सांगितलं. आदल्या संध्याकाळपासून पंप बंद. रात्री ती उशांना टेकून बसून होती. सकाळी शेगडी पेटवली नाही, चहा दिला नाही, चहाने तिला थोडं मोकळं वाटतं म्हणून. तिची अशी अवस्था असूनही गाडी केली नाही, नेहमीसारखं चालतच नेलं, कारण चालल्यावर लागते ती धाप डॉक्टरला दाखवायची होती. ती त्यांच्या दंडाला धरून चालली. पोचल्यावर बाकावर बसवलं. डॉक्टर वॉर्डात अडकला होता, नंबर पुढे सरकेना. तिने एकदा हात पुढे केला. पंप त्यांच्या खिशात होता.

"मी म्हटलं, आता पुढचा नंबर आपलाच, एवढं थांब," भाऊजी म्हणाले. "तिने मान डोलावली. हसली पण."

"आणि मग?"

"मग पुन्हा हात पुढे केला नाही. मला वाटलं, सोसतेय."

तिचे ओठ निळे पडले तेव्हा ते ओरडले. डॉक्टर धावत आला. त्याने तिथेच, बाकावरच, तिच्या पाठीला नळी लावली. छातीत काहीच ऐकू येत नव्हतं. घरघर नाही, शिट्टी नाही. घरघर व्हायला आत हवा जावी लागते, तेवढी हवाही जात नव्हती. तिला आत नेलं, नळ्या घातल्या, सुया टोचल्या. दुपार व्हायच्या आत ती गेली.

मी त्यांना मारलं. खरंच मारलं, मुठीने, छातीवर, लोक बघत होते. ते हलले नाहीत. मी थांबले तेव्हा म्हणाले, "पंप द्यायला हवा होता." जणू मला ते ठाऊक नव्हतं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. भेटायला लोक यायचे आणि भाऊजी प्रत्येकाला सगळं सांगायचे. तेच, त्याच क्रमाने, एक शब्द न गाळता. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तिचं आयुष्यच तेवढं होतं रे बाबा." भाऊजी म्हणाले, "नव्हतं. पंप माझ्या खिशात होता." आजींच्या हातातला कप तसाच राहिला. मालक आला, मुकादम आला, त्यांनाही तेच. काही जण समजूत घालायला बघायचे, तुमचा हेतू चांगला होता म्हणायचे. त्यांना भाऊजी अगदी मध्येच तोडायचे, हेतूचं विचारलंय का कोणी, म्हणून. हळूहळू लोक यायचे थांबले. त्यांना दुःख ऐकायचं होतं, हे ऐकायचं नव्हतं. मी त्याच इमारतीत राहते, दोन वेळचं जेवण नेऊन द्यायचे, ताट आपटायचे आणि यायचे. त्यांच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

पण बोलावं लागलं, कारण बारकी यायची होती. ती लांबच्या गावी असते, बर्फाने रस्ता बंद पडला होता, शेवटचं दर्शनही तिला झालं नाही. फोनवर आम्ही एवढंच सांगितलं होतं की जोराचा दम लागला आणि गेली. रस्ता मोकळा झाल्याचं कळलं तशी मी भाऊजींपुढे जाऊन उभी राहिले.

"तिला हे सांगायचं नाही."

"का?"

"तिची आई गेलीय. आता बापही घालवू नका."

"मग खोटं बोलू?"

"हो. उभ्या जन्मात एकदा बोला. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी बोला."

"बरं," ते म्हणाले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

बारकी आली ती ताईच्या खुर्चीत जाऊन बसली, कोट न काढता. रडून झाल्यावर तिने पहिली गोष्ट तीच विचारली. "बाबा, आईने पंप घेतला होता ना?"

"घेतला होता," भाऊजी म्हणाले.

"वेळेवर?"

"वेळेवर."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आवाज अगदी सरळ होता. ज्या माणसाच्या हाताला दुसऱ्याची लबाडी लागायची त्याची स्वतःची लबाडी कोणाला कळली नाही. बारकीने मान डोलावली आणि डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध आणायला खाली गेली आणि येताना जिन्यात बसली. मी धुणं घेऊन उतरत होते. तिचे खांदे वर-खाली होत होते, प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. मी म्हटलं, "अगं, पंप घे आधी."

"नको."

"नको काय? आहे ना जवळ?"

तिने खिशातून पंप काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. "काय उपयोग, मावशी? आईने वेळेवर घेतला होता. तरी गेलीच ना." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. "आई गेल्याचं कळलं त्या दिवशी मला असाच दम लागला होता, पंप घेतला आणि सुटला. पण काल बाबा म्हणाले तेव्हापासून वाटतं, पंप म्हणजे आपलं मनाचं समाधान. सुटायचा तर सुटेल. नाहीतर नाही."

मीच मागून घेतलेलं खोटं होतं ते, आणि ते असं पोरीच्या गळ्याशी येईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वर दार उघडलं. भाऊजी जिन्यात आले, मला ओलांडून खाली उतरले आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"पंप घे," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"बारके, आईने पंप घेतला नव्हता. मी घेऊ दिला नाही."

"भाऊजी," मी म्हटलं. त्यांनी वर बघितलं नाही.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळपासून पंप बंद, शेगडी नाही, चहा नाही, चालत नेलं. बारकी आधी ऐकत होती, मग त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. शिट्टी वाजतच होती. भाऊजी बाकापर्यंत आले, हात पुढे केला होता तिथपर्यंत आले, आणि त्यांनी तेही सांगितलं, हसली होती हेसुद्धा सांगितलं. मला वाटत होतं हे तरी गाळावं. आवाज कापत होता पण ते थांबले नाहीत.

"दिला असता तर सुटला असता दम," ते म्हणाले. "पंपात काही खोट नव्हती. तो चालतो. घे आता."

बारकीने पंप काढला. बापावरची नजर न काढता तो तोंडात धरला, दाबला, ओढला. थांबली. पुन्हा दाबला. हळूहळू शिट्टी बारीक झाली, मग गेली. तिच्या गालांवर रंग आला.

"सुटला?" भाऊजींनी विचारलं.

ती उठली, वर जाऊन बॅग भरली. दुपारच्या गाडीला मी तिला सोडायला गेले. वाटेत मी म्हटलं की तुझे बाबा, आणि ती म्हणाली, "मावशी, त्यांचं नाव काढायचं नसेल तरच ये." मी तिची बॅग धरली आणि चालत राहिले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांच्या जागी असते तर ते जिन्यातलं मला जमलं नसतं.

याला आता तीन हिवाळे झाले. बारकी मला दर रविवारी फोन करते. जावयाचं सांगते, घराचं सांगते. मी विचारते, पंप घेतेस ना गं वेळेवर? घेते म्हणते. भाऊजी तेव्हा माझ्या खोलीत येऊन दाराशी उभे असतात. बाबा कसे आहेत हे तिने अजून एकदाही विचारलेलं नाही. मी फोन ठेवला की ते विचारतात, "घेते म्हणाली?" मी हो म्हणते, आणि ते जातात.